तिसरी प्रत

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता नीट आठवत नाहीत. पंचनामे, रिमांड, कोर्टाच्या तारखा, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. हे एक प्रकरण मात्र मिसळलेलं नाही. मी एका निरपराध बाईला अटक करायला निघालो होतो आणि जवळजवळ करूनच बसलो होतो, म्हणून ते तसंच राहिलंय. नावं कुणाचीच सांगणार नाही. चूक माझी होती तिथे ती माझीच म्हणून सांगेन.

तेव्हा मी ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. वर्तकनगरच्या वसाहती आमच्या हद्दीत. एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, एक आजोबा आलेत. अर्ज तुमच्याच हातात देणार म्हणतात. आणि पोच पाहिजे म्हणतात."

आत आले ते गृहस्थ सत्तरीचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळी वसाहत त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणतो. अर्ज तीन प्रतींत होता. प्रत्येक पानाला क्रमांक, शेवटी 'सोबत जोडलेली कागदपत्रे : सात' अशी यादी. इतका नीटनेटका अर्ज मी नोकरीत क्वचितच पाहिला असेल.

मजकूर असा. नानांचा एकुलता एक मुलगा संगणक कंपनीत होता. आठ महिन्यांपूर्वी हृदयविकारानं गेला. मागे बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलानं आपली बरीचशी बचत क्रिप्टो चलनात ठेवली होती. त्या चलनाचं वॉलेट, म्हणजे पेन ड्राइव्हसारखं दिसणारं एक छोटं यंत्र, सुनेच्या कपाटात असायचं. गेल्या मंगळवारी त्या वॉलेटमधलं सगळं चलन दुसरीकडे पाठवलं गेलं. आरोपी म्हणून एकच नाव होतं, सुनेचं.

"पुरावा काय?" मी विचारलं.

नानांनी जोडपत्र क्रमांक चार काढलं. शेजारच्या अभियंत्यानं इंटरनेटवरून छापून दिलेलं पान. त्यावर व्यवहाराचा लांबलचक क्रमांक होता, तारीख होती आणि वेळ होती, आठ वाजून दहा मिनिटं.

"मंगळवारी सकाळी मी सात ते साडेआठ फिरायला जातो. माझी पत्नी हयात नाही. घरात सून आणि नात, तिसरं कुणी नाही. साहेब, मी आयुष्यभर सरकारी कागद हाताळलाय. कागद खोटं बोलत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "शिवाय ती कळव्याकडची. खाडीकाठच्या कोळ्यांची. तुमच्या लक्षात आलंच असेल."

"नाही आलं," मी म्हणालो. "त्याचा चोरीशी काय संबंध, ते अर्जात लिहा. नाहीतर बोलू नका."

नानांनी जोडपत्र परत अर्जाला लावलं. मला राग आला होता आणि तो योग्य होता. पण रागावलो म्हणून मी निर्दोष ठरत नाही. अर्ज बाजूला ठेवला तेव्हा माझ्याही डोक्यात तेच एक नाव होतं. घरात काही गेलं की आधी सुनेकडे बघायचं, ही सवय खाकी घातली म्हणून गळून पडत नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेला चौकशीला बोलावलं. महापालिकेच्या रुग्णालयात ती लॅब टेक्निशियन होती. सोबत आई आली होती, हिरव्या काठाच्या लुगड्यातली ठणठणीत बाई. आमच्या सायबर कक्षातल्या महिला पोलीस नाईक, ज्यांना मी इथे नाईकबाई म्हणेन, त्या माझ्या शेजारी बसल्या.

"वॉलेट कोण उघडू शकतं?" मी सुरुवात केली.

"ज्याच्याकडे बारा शब्द आहेत तो."

"कसले बारा शब्द?"

"वॉलेट पहिल्यांदा चालू केलं की ते बारा इंग्रजी शब्द दाखवतं. ते कागदावर उतरवून ठेवायचे. यंत्र हरवलं तरी त्या शब्दांवरून सगळं परत मिळतं."

"ते शब्द लिहून द्या."

"नाही देणार."

मी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही पोलीस ठाण्यात बसलाय."

"हो साहेब. पोलिसांनाही नाही देणार. ह्यांनी मला बसवून समजावलं होतं. बँकवाला मागेल, पोलीस मागेल, मी स्वतः फोनवर रडत मागेन, तरी द्यायचे नाहीत."

"वॉलेट रिकामं झालंय. आता लपवायचं काय उरलं?"

"त्याच शब्दांवर ह्यांनी आणखी काही ठेवलं असेल तर? मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच नाही देणार."

माझ्या अनुभवात जो लपवतो तो दोषी. चोर जागा सांगत नाही, लाच घेणारा कपाटाची किल्ली देत नाही. त्या हिशेबानं मी या बाईला मोजलं. जबाबाच्या खाली 'तपासात सहकार्य करत नाही' असा शेरा मारला आणि गुन्हा नोंदवून अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तिला ते कळलं. ती रडली नाही. म्हणाली, "अटक करणार असाल तर एवढं सांगा, साडेपाचला मुलीला शाळेतून कोण आणणार?"

तो प्रश्न साधा नव्हता. ती महापालिकेची कर्मचारी. अठ्ठेचाळीस तास कोठडीत गेले की निलंबन ठरलेलं. मुलगी आजोबांच्या ताब्यात जाणार, आणि 'नवऱ्याचं खाल्लं' हा शिक्का वसाहतीत कायमचा बसणार. पुढे निर्दोष सुटली तरी तो पुसायला कुणी येत नाही.

बाहेरच्या बाकावरून तिच्या आईचा आवाज आला. "ओ साहेब! माजी पोर कोनाचा पाच पैसा घेयाची नाय. आमी खारीन आपलं जाल टाकतो, दुसऱ्याचे जालान हात घालत नाय. लिवा तुमच्या कागदान!"

"आई, गप गं," सून म्हणाली.

"कनाला गप? इतकी वर्सं गप रायली म्हनून त इथं बसलीस!"

त्याच वेळी नाईकबाई माझ्या कानाशी आल्या. "सर, एक मिनिट. हे पान नीट बघितलं का?"

"बघितलं. आठ दहा."

"आठ दहाच्या पुढे तीन अक्षरं आहेत बघा. यूटीसी. ही जागतिक वेळ आहे सर. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे."

मी मनात बेरीज केली. आठ दहा अधिक साडेपाच तास, दुपारचे एक चाळीस.

"पण शेजाऱ्याच्या कागदावरही नको विसंबायला," त्या म्हणाल्या. "हा व्यवहाराचा क्रमांक आहे ना, तो आपण स्वतःच टाकून बघू."

आमच्याच संगणकावर त्यांनी ब्लॉकचेनची नोंद दाखवणारं संकेतस्थळ उघडलं. क्रमांक टाकला. कुठल्या पत्त्यावरून गेलं, कुठल्या पत्त्यावर गेलं, किती वाजता, सगळं समोर आलं. पत्ता म्हणजे इथे घराचा नव्हे. अक्षरं-आकड्यांची लांब माळ असते, खातेक्रमांकासारखी.

"हे कुणालाही दिसतं?" मी विचारलं.

"कुणालाही. ही वही जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर एकसारखी असते. खोडता येत नाही, पान फाडता येत नाही. आपली स्टेशन डायरी अशी असती तर किती जणांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, सर!"

ठाणे अंमलदार खोकला. मी हसू दाबलं.

अटकेचे कागद थांबवले. एक हवालदार रुग्णालयात पाठवला. गेल्या आठवड्यातल्या त्या मंगळवारी एक चाळीसला ही बाई रक्ताचे नमुने घ्यायच्या खिडकीवर होती. हजेरीच्या यंत्रात नोंद, कॅमेऱ्यात चित्र, आणि तिथल्या नियमाप्रमाणे मोबाइल लॉकरमध्ये. नानांच्या पुराव्याचा पायाच निखळला होता. पण चोर अजून बाहेर होता, आणि तो सापडेपर्यंत वसाहतीच्या लेखी चोर हीच होती.

बुधवारी नानांना बोलावलं. फाईल घेऊन या म्हटलं. ती ते आणणारच होते.

"नाना, गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी एक चाळीसला घरी कोण होतं?"

"दुपारी? दुपारचा काय संबंध?"

नाईकबाईंनी यूटीसी समजावलं. नानांनी चष्मा पुसला, पान पुन्हा वाचलं. चाळीस वर्षं कागद हाताळणाऱ्या माणसानं कागदावरची तीन अक्षरं वाचली नव्हती.

"घराला कुलूप होतं," ते हळूच म्हणाले. "मी बाहेर होतो. कामानिमित्त."

"कुठे?"

"खाजगी काम."

"म्हणजे यंत्र कुलूपबंद घरात, घरात माणूस नाही, आणि चलन गेलं. असं कसं होईल?"

"तेच तर! यंत्राशिवाय कसं होईल? म्हणूनच मी म्हणतो, यंत्र तिच्या कपाटात…"

"यंत्र लागत नाही, काका," नाईकबाई म्हणाल्या. "बारा शब्द म्हणजेच वॉलेट. यंत्र म्हणजे ते शब्द सांभाळणारा डबा. शब्द ज्याच्या हातात गेले, तो डोंबिवलीत बसून काढू शकतो, नाहीतर परदेशात बसून."

नानांचा हात फाईलवर आपोआप आला. मी आरोपींचे चेहरे वाचण्यावर फार विश्वास ठेवत नाही. चेहरे फसवतात, हात कमी फसवतात.

"फाईल द्या."

लाल फितीनं बांधलेली फाईल. पहिल्याच पानावर अनुक्रमणिका. मृत्यूचा दाखला, प्रती पाच. आधार कार्ड, प्रती तीन. आणि नवव्या क्रमांकावर सुवाच्य अक्षरात 'बारा शब्दांचे पत्रक, लॅमिनेटेड, प्रती तीन'.

सुनेनं जे शब्द पोलिसांना दिले नाहीत, ते सासऱ्यानं दुकानात नेऊन झेरॉक्स काढून लॅमिनेट केले होते. ती ड्युटीवर असताना कपाटातल्या पाकिटातून कागद काढला, काम करून घेतलं, मूळ प्रत जागच्या जागी ठेवली. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हटला की पहिलं पाऊल झेरॉक्सचं, दुसरं लॅमिनेशनचं. एरवी ही सवय माणसाला वाचवते, पण इथे तिनंच घात केला.

मी फाईल उलटली. नवव्या क्रमांकाखाली दोनच चकचकीत कागद होते.

"तिसरी प्रत?"

नानांनी लाल फीत पुन्हा गुंडाळायला घेतली.

"नाना, तुमच्यासारखा माणूस पोच घेतल्याशिवाय कागद सोडत नाही. अर्ज देतानाही तुम्ही माझ्याकडून शिक्का मारून घेतलात. ती पोच दाखवा."

शेवटी नानांनी फाईलच्या मागच्या खिशातून एक चिठ्ठी काढली. डोंबिवली पूर्वेला मानपाड्यातल्या एका सल्लागाराचा गोल शिक्का. 'बारा शब्दांचे पत्रक मिळाले.' तारीख मंगळवारची. वेळ साडेबारा. नानांनी वेळसुद्धा लिहून घेतली होती. साडेबाराला शब्द दिले, एक चाळीसला वॉलेट रिकामं.

"वारस नोंद करायची होती," नाना म्हणाले. "बँकेत करतात तशी. सल्लागार म्हणाला, शब्दांची प्रत लागते, तीन आठवड्यांत तुमचं नाव चढेल. सारखं 'प्रक्रियेत आहे' म्हणायला लागला, तेव्हा मी शेजाऱ्याला बघायला सांगितलं. कागदावर आठ दहा दिसलं, म्हणजे मी शब्द द्यायच्या आधीच सकाळी गेलं, असं धरलं."

"कायद्यानं वारस बायको आणि मुलगी. तुमचं नाव त्यात येत नाही, हे हेडक्लार्कला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," नाना म्हणाले. "ती उद्या दुसरं लग्न करेल. नातीचं काय, असं वाटलं."

मी त्यांच्यावर ओरडलो नाही. ओरडायची गरज नव्हती. आपण घेतलेली पोचच आपल्याविरुद्ध साक्ष देतेय हे त्यांना दिसत होतं. सुनेवरची तक्रार निकालात निघाली. त्याच फाईलवरून सल्लागारावर फसवणुकीचा गुन्हा नोंदवला.

मानपाड्यातलं कार्यालय एका गाळ्यात होतं. वर फलक, 'सर्व प्रकारचे दाखले, वारस नोंद, डिजिटल मालमत्ता हस्तांतरण'. सल्लागार चाळिशीचा, बोटात अंगठ्या, चहा मागवायची घाई.

"अरे साहेब, बसा ना. टेन्शन कशाला घेता? काकांचं काम तर झालं. कालच त्यांच्या नव्या वॉलेटला ट्रान्सफर मारलंय. हे बघा, सक्सेसफुल." मोबाइलवर हिरव्या खुणेचं चित्र दाखवलं. नानांना दिलेल्या पत्राची आपल्याकडची प्रतही काढली. त्यावर नव्या वॉलेटचा पत्ता छापला होता.

"चित्र नको," नाईकबाई म्हणाल्या. "चित्र मीपण बनवून देते दोन मिनिटांत. व्यवहाराचा क्रमांक द्या."

त्यानं क्रमांक दिला. त्यांनी तो सार्वजनिक नोंदीत टाकला. व्यवहार खरोखर निघाला. सल्लागार खुर्चीत रेलला. "बोललो ना मॅडम! पहिली चार अक्षरं बघा, शेवटची चार बघा. सेम टू सेम."

"आणि मधली?"

"मधली कोण वाचतं?"

"आम्ही वाचतो," मी म्हणालो.

चोरीची मोटारसायकल पकडली की आम्ही चासी नंबर असाच ताडतो. एकानं कागदावरचा वाचायचा, दुसऱ्यानं लोखंडावर बोट ठेवायचं, एकेक अक्षर. तसाच मी पत्रावरचा पत्ता मोठ्यानं वाचत गेलो आणि नाईकबाई पडद्यावर बोट सरकवत गेल्या. सातव्या अक्षराला त्यांचं बोट थांबलं.

"नाही जुळत सर. तुमचा बी, इथे के."

पुढेही जुळलं नाही. मुद्दाम तसाच दिसणारा, डोकं आणि शेपूट सारखं असलेला पत्ता त्यानं तयार ठेवला होता. दाखवण्यापुरती त्या पत्त्यावर पाठवलेली किरकोळ रक्कम होती ती. मूळ चलन कुठे गेलं ते नाईकबाईंनी तिथेच बसून दाखवलं. मंगळवारी एक चाळीसला एका पत्त्यावर, तिथून दुसऱ्यावर, आणि तिथून एका नोंदणीकृत एक्स्चेंजमधल्या, म्हणजे अशा चलनाची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीतल्या, खात्यात. एक्स्चेंजला नोटीस गेली. त्यांनी खातं गोठवलं आणि खातेदाराची ओळखपत्रं पाठवली. खातं सल्लागाराच्या मेहुण्याचं होतं.

"साहेब, सेटल करून टाकू ना," सल्लागार गाडीत बसताना म्हणाला. "सगळ्यांचा फायदा."

"कोर्टात बोल," मी म्हणालो. "तिथे सगळं लिहून घेतात."

कोर्टाच्या आदेशानं चलन परत मिळायला काही महिने लागले. पण मिळालं, जवळजवळ सगळं. जुने शब्द फुटले होते, म्हणून ते वॉलेट कायमचं बाद. सुनेनं नवं यंत्र घेतलं, दुकानात सील तपासून. ते चालू करायला ती आमच्या ठाण्यात आली, घरी करायची तिची तयारी नव्हती. नानाही आले होते. तिनंच या म्हटलं होतं.

यंत्रानं बारा शब्द दाखवायच्या आधी ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. नाईकबाई खिडकीकडे वळल्या. ठाणे अंमलदारानं जिन्याकडे तोंड केलं. मागून नानांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तेही वळले होते. ज्या बाईवर मी 'सहकार्य करत नाही' असा शेरा मारला होता, ती माझ्याच केबिनमध्ये शांतपणे बारा शब्द लिहीत होती, आणि माझं काम होतं ते न बघणं.

"झालं," ती म्हणाली तेव्हाच आम्ही वळलो.

तिनं आधी एक्स्चेंजकडून थोडंसंच चलन मागवलं. ज्या पत्त्यावर यायचं तो अक्षर न् अक्षर यंत्राच्या पडद्याशी ताडला. नोंदीत ते दिसलं, ती नोंद पक्की झाल्याची खूण येईपर्यंत थांबली, मगच बाकीचं. मध्ये आईचा फोन आला. "हो गं आई, आलं सगळं. नाही, चोरून नाही. साहेबांच्या समोर."

"समोर नाही," मी म्हणालो. "साहेबांच्या पाठीमागे."

ती पहिल्यांदा हसली.

मग नाना उठले. पिशवीतून कागद काढले. तीन प्रती. आपण सुनेवर खोटा आळ घेतला, तिच्या माहेरावरून बोललो, आणि नुकसान आपल्याच कृतीनं झालं, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. एक प्रत पोलीस ठाण्याच्या दप्तरासाठी. एक वसाहतीच्या सूचनाफलकावर लावायची, कारण बोलणं तिथेच पसरलं होतं. तिसरी त्यांनी सुनेपुढे धरली. सवयीनं पेनही पुढे केलं.

"पोच?" तिनं विचारलं.

नाना मान खाली घालून उभे होते. तिनं पेन घेतलं, त्यांच्या प्रतीवर लिहिलं, 'मिळाले.' खाली सही केली, तारीख घातली. थोडं थांबून वेळही लिहिली.

या प्रकरणानं मला संगणक शिकवला नाही, तो मला अजून येत नाही. एवढं शिकवलं की नोंद कितीही पक्की असली तरी ती वाचणारा माणूस आधीच निकाल देऊन बसला असेल, तर तिच्यातून तो हवं तेच वाचतो. नानांनी आठ दहा वाचलं, मीही आठ दहाच वाचलं, कारण आरोपी आम्ही दोघांनीही आधीच ठरवला होता. तीन अक्षरं कागदावर सुरुवातीपासून होती. आणि जी बाई मला 'नाही' म्हणाली, त्या खोलीत नियम पाळणारी तीच एकटी होती. 'नाही' म्हणणाऱ्या बाईवर संशय घेणं आपल्याला सोपं जातं. मला ते फारच सोपं गेलं होतं.

जबाबाखालचा तो शेरा मी खोडला नाही. खोडणं नियमात बसत नाही. त्याखाली नवी नोंद केली. 'सदर महिलेचा नकार योग्य होता.' सही केली, तारीख घातली, वेळ लिहिली.